चारशे वर्षांचा फेरा आणि पाच वर्षांचं तेल

मनगटावरच्या घड्याळाने वेळ दाखवावी ही अपेक्षा सगळ्यांचीच असते. वार, तारीख, महिना, लीप वर्ष आणि चंद्राची कलाही त्याने दाखवावी, तीही सेलशिवाय, निव्वळ चाकं, तरफा आणि स्प्रिंगांच्या जोरावर, ही अपेक्षा थोड्यांची. अशा घड्याळाला पर्पेच्युअल कॅलेंडर म्हणतात. महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे ते स्वतःच ओळखतं. ही घड्याळं प्रामुख्याने स्वित्झर्लंडमध्ये तयार होतात, थोडी होतात आणि त्यांचे भाव सामान्य माणसाला चक्रावून टाकतात. ती जमवणं हा छंद आहे, गुंतवणूक आहे की नुसता हव्यास, यावर घड्याळवेड्यांतही एकमत नाही.

हा वाद मी मामा आणि भाचीच्या तोंडी घातला आहे. मामांचं सगळं आयुष्य साताऱ्यात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. एचएमटी, वेस्ट एंड, फाव्हर-लूबा ही त्यांच्या रोजच्या हातातली नावं. भाची ज्यूरिकला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि जुनी कॅलेंडर घड्याळं जमवते. घड्याळांवर दोघांचाही जीव आहे, पण घड्याळात मोलाचं काय, यावर त्यांचं जमत नाही.

मामा : तुझं घड्याळ पाहिलं. सुरेख आहे, नाही म्हणत नाही. पण तारीख बघायला भिंतीवर कालनिर्णय आहे, खिशात फोन आहे. मनगटावर एवढा पसारा हवाच कशाला?

भाची : तारीख बघायला मी ते घेतलंच नाही, मामा. पुढचा महिना किती दिवसांचा, हे पितळ-पोलादाला कळावं अशी व्यवस्था माणसाने कशी केली, ते बघायला घेतलं.

मामा : तारखेची घड्याळं मीही खूप उघडली आहेत. एक चकती, तिच्यावर एकतीस आकडे, तिला एकतीस दाते. रोज रात्री एक दाता पुढे. महिना तीसचा असला की दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक चावी ओढून तारीख पुढे करायचं. वर्षातून पाच वेळा करायचं काम. त्याला कोणी कंटाळलेलं मला आठवत नाही.

भाची : तेच पाच वेळांचं काम इथे मशीन करतं. कसं ते सांगते. डायलच्या खाली ४८ महिन्यांचं एक चाक असतं, चार वर्षांत त्याचा एकच फेरा होतो. त्याच्या कडेला खाचा असतात. एकतीसच्या महिन्याला खाच नाही. तीसच्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल. चार फेब्रुवारींतल्या तीन खाचा सारख्या खोल आणि चौथी किंचित उथळ, कारण ती एकोणतीस दिवसांची. एका लांब तरफेचं टोक या कडेवर टेकलेलं असतं. खाच जितकी खोल, तितकं ते टोक आत जातं आणि तितका तरफेचा झोका लांब होतो. एरवी रोज रात्री ती तारखेचं चाक एक दाता ढकलते. महिनाअखेरीला मात्र त्या लांबलेल्या झोक्याने चाकावरची एक पायरी पकडते आणि उरलेले सगळे दिवस एका दमात पार करते. २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री काटा २८ वरून थेट १ वर येतो.

मामा : म्हणजे अख्ख्या चार वर्षांचं कॅलेंडर त्या एका कडेत कापून ठेवलंय.

भाची : हो. सॉफ्टवेअरचा प्रोग्रॅम मी रोज लिहिते. हाही प्रोग्रॅमच आहे, पण तो बोटाने चाचपता येतो.

मामा : डोकं लावलंय, यात शंका नाही. पण दुरुस्तीच्या बाजूने बघ. एक भाग वाढला की बिघाडाची एक जागा वाढली. उथळ खाच आणि खोल खाच यांतला फरक तो केवढा! थोडी घाण बसली, तेल घट्ट झालं, तरफेची स्प्रिंग जरा मरगळली, की एप्रिल एकतीसचा झालाच म्हणून समज. माझ्या मते चांगलं घड्याळ म्हणजे तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारं घड्याळ. एचएमटी जनता घे. रोज चावी द्यायची, अधूनमधून ऑइलिंग करायचं. सुटे भाग मिळायचे, न मिळाले तर दुसऱ्या जनतामधून काढून बसवायचे. बापाचं घड्याळ मुलगा घालायचा. टिकणं म्हणतात ते याला.

भाची : जनतामध्ये एस्केपमेंट कोणता असतो?

मामा : लिव्हर. दुसरा कोणता असणार?

भाची : तो लिव्हर एस्केपमेंट लंडनच्या थॉमस मजने १७५० च्या दशकात शोधला. १७६० च्या दशकात खिशातल्या घड्याळात पर्पेच्युअल कॅलेंडर बसवलं तेही त्यानेच. आज माहीत असलेल्या अशा घड्याळांत ते सगळ्यांत जुनं धरतात. ब्रिटनने १७५२ मध्ये ग्रेगरियन कॅलेंडर स्वीकारलं, त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी तिथे १४ सप्टेंबर आला. तारीख म्हणजे काय, वर्ष किती दिवसांचं, हे लोकांनी नुकतंच नव्याने अनुभवलं होतं. अशा काळात हा माणूस ते कॅलेंडर चाकांत उतरवत होता. तुझं साधं घड्याळ आणि माझं गुंतागुंतीचं घड्याळ, दोन्ही त्याच्याच टेबलावरून निघाली.

मामा : निघाली एका टेबलावरून, पण गेली कुठे ते बघ. लिव्हर जगभर पसरला, शाळामास्तरांच्या आणि एसटी ड्रायव्हरच्या मनगटावर पोचला. कॅलेंडर राहिलं सरदार-सावकारांच्या खिशात. कोणती कल्पना मोलाची, याचा निकाल काळानेच दिला नाही का?

भाची : एक निकाल दिला. दुसरा निकाल १९६९ च्या नाताळात लागला. २५ डिसेंबरला सेइकोने टोकियोत ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. पुढे काय झालं ते तू दुकानात बसून पाहिलंयस. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमाराला घड्याळांच्या धंद्यात सुमारे ९० हजार माणसं होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती तीस-पस्तीस हजारांवर आली. साधं, मजबूत, दुरुस्त होणारं यांत्रिक घड्याळच आधी बुडालं, कारण तेच काम क्वार्ट्झ स्वस्तात आणि जास्त अचूक करत होतं.

मामा : खरं आहे. क्वार्ट्झ आल्यावर लोक माझ्याकडे सेल बदलायला यायचे. दिवसेंदिवस भिंग डोळ्याला लावायची वेळ यायची नाही. एचएमटीचा घड्याळांचा कारखानाही शेवटी बंदच झाला.

भाची : अशा पडत्या काळात काही स्विस कारागिरांनी उलटी वाट धरली. १९७८ मध्ये व्हाले द जू या खोऱ्यातल्या ओडेमार पिगेने पर्पेच्युअल कॅलेंडरचं ऑटोमॅटिक मशीन काढलं. जाडी ३.९५ मिलिमीटर. मशीन, स्वतः चावी भरणारा रोटर आणि सगळं कॅलेंडर, सगळं मिळून चार मिलिमीटरच्या आत. क्वार्ट्झ आपल्याला बुडवणार असं सगळे म्हणत असताना ही माणसं चाकं आणखी पातळ करत होती. मग १९८५ मध्ये शाफहाउझनच्या आयडब्ल्यूसीमधल्या कुर्ट क्लाउसने दा विंची हे घड्याळ आणलं.

मामा : आत्ता तुझ्या हातात आहे ते?

भाची : तेच, त्याच घराण्यातलं जुनं पोलादी. ते तुला पटेल, कारण क्लाउसची दृष्टी कारागिराची होती. पायाला त्याने कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होणारं, दणकट व्हॅल्ज्यू ७७५० मशीन घेतलं आणि त्याच्यावर साधारण ८० भागांचं कॅलेंडर बसवलं. त्याआधीच्या बहुतेक कॅलेंडर घड्याळांना कडेला बारीक खड्डे असायचे. टोकदार काडीने वार वेगळा दाबायचा, महिना वेगळा, चंद्र वेगळा. भलत्या वेळी, म्हणजे रात्री तरफ चाकाला भिडलेली असताना दाबलं, की दाता गेला. क्लाउसने ते खड्डेच काढून टाकले. चावी एक घर ओढायची आणि फिरवायची. तारीख, वार, महिना, वर्ष, चंद्र, सगळं एका तालात पुढे सरकतं.

मामा : आणि चुकून एक दिवस जास्त पुढे गेलं तर?

भाची : मागे येत नाही. घड्याळ थांबवायचं आणि तो दिवस उजाडायची वाट बघायची. जास्तच पुढे गेलं असेल तर कारागिराकडे नेऊन उघडायचं.

मामा : शेवटी कारागीर आलाच! बरं, वर्षाचे चार आकडे दिसतायत, ते शतक बदलतं कसं?

भाची : ते दाखवायचंच होतं. एका छोट्या पट्टीवर १९, २०, २१ हे आकडे आहेत. शंभर वर्षांत ती एकदाच सरकते. म्हणजे २१९९ पर्यंतची सोय झाली. त्याच्या पुढचं काय? म्हणून घड्याळाबरोबर काचेच्या बारीक नळीत दुसरी पट्टी दिलेली असते, तिच्यावर २२, २३, २४. २२०० साल उजाडलं की कोणीतरी ती बसवायची.

मामा : विसाव्या शतकातल्या माणसाने तेविसाव्या शतकाची पट्टी तयार करून दिली? ... हे मात्र आवडलं मला. गिऱ्हाइकाच्या पणतवंडाच्या पणतवंडाची काळजी केली त्याने. पण 'कोणीतरी' म्हणजे कोण? तुझ्या सगळ्या बोलण्यात तो माणूस गृहीत धरलाय. तो तयार कोण करणार, त्याला मशीन उघडायला शिकवणार कोण, हे मला सांग.

भाची : तिथे तुझा मुद्दा मला मान्य करावाच लागतो. शिवाय २२०० च्या आधी २१०० आहे.

मामा : २१०० ला काय?

भाची : ग्रेगरियन नियमाने शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात असेल तरच लीप. २००० लीप होतं, २१०० नाही. पृथ्वीचं वर्ष ३६५.२४२२ दिवसांच्या आसपास आहे. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला तर थोडं जास्तच होतं, आणि शतकानुशतकं ती चूक साठत जाते. म्हणून १५८२ मध्ये पोप तेरावा ग्रेगरी याने ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं असा हिशेब बसवला. पण ४८ महिन्यांच्या चाकाला शंभर वर्षांचा नियम कुठून कळणार? २०४८, २०७२, २०९६ ही वर्षं ते बिनचूक ओळखेल. २१०० मध्ये मात्र २८ फेब्रुवारीनंतर ते २९ दाखवेल आणि चुकेल.

मामा : म्हणजे नाव कायमचं आणि मुदत २१०० पर्यंतची.

भाची : त्यावरही उपाय निघाला. १९९६ मध्ये जिनिव्हात काम करणाऱ्या स्वेन अँडरसनने शतकाचाही नियम पाळणारं मनगटी घड्याळ केलं. २०२४ मध्ये आयडब्ल्यूसीने केलं, त्यात चारशे वर्षांत एकच फेरा घेणारं एक चाक आहे. २१००, २२०० आणि २३०० ही तीन वर्षं ते बरोबर वगळतं.

मामा : चारशे वर्षांत एक फेरा! आणि त्याला घातलेलं तेल किती वर्षं टिकतं?

भाची : घड्याळाला पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग लागतंच.

मामा : मग हिशेब कर. त्या चाकाचा एक फेरा पुरा व्हायच्या आत घड्याळ साठ-सत्तर वेळा उघडलं जाणार. प्रत्येक भाग सुटा होणार, धुतला जाणार, पुन्हा जागेवर बसणार. चारशे वर्षं त्या चाकाने काढली असं कोणी म्हणायचं कारण नाही. ती काढणार एकामागून एक आलेले साठ-सत्तर घड्याळजी. तुमची मासिकं, पुस्तकं, लिलावांच्या वह्या त्यांच्याबद्दल एक ओळ तरी लिहितात का?

भाची : फारच कमी. जास्त लिहितात ते भावाबद्दल.

मामा : आता भावावर आलीस, तर तेही बोलू. एका पोलादी घड्याळाला काही कोटी मिळाले, असं तू मागे म्हणाली होतीस.

भाची : पाटेक फिलिपचं १५१८. पर्पेच्युअल कॅलेंडर आणि क्रोनोग्राफ दोन्ही असलेलं, मालिकेने तयार केलेलं जगातलं पहिलं मनगटी घड्याळ. १९४१ पासून १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत २८१ झाली. बहुतेक सोन्याची. पोलादात फक्त चार माहीत आहेत. त्यातलं एक २०१६ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात एक कोटी दहा लाख स्विस फ्रँकला गेलं.

मामा : सोन्याच्या आणि पोलादी घड्याळात मशीन वेगळं होतं?

भाची : नाही. तेच.

मामा : मग आम्हाला सांग ना! धातू स्वस्त, मशीन तेच, आणि भाव कितीतरी पट. तुम्ही मशीन जमवता म्हणता आणि पैसे मोजता ते दुर्मीळपणाला.

भाची : बाजाराचा न्याय असाच आहे, त्याची बाजू मी घेत नाही. १५१८ मधलं पायाचं मशीन व्हॅल्ज्यूचं, कॅलेंडर व्हाले द जू मधल्या व्हिक्टोरिन पिगेच्या कारखान्याचं, आणि त्यावर पाटेकची कारागिरी. मला रस आहे तो या तीन हातांत. दुर्मीळपणाचं बोलायचं तर मला १९२५ चं पाटेक जास्त मोलाचं वाटतं. त्याचं मशीन १८९८ मध्ये बायकांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी केलेलं. ते विकलं गेलं नाही, वर्षानुवर्षं पडून राहिलं. १९२५ मध्ये कोणीतरी ते बाहेर काढून मनगटी केसमध्ये बसवलं आणि पर्पेच्युअल कॅलेंडरचं पहिलं ज्ञात मनगटी घड्याळ झालं. १९२७ मध्ये थॉमस एमरी या अमेरिकन गृहस्थांनी ते घेतलं. आज ते जिनिव्हाच्या पाटेक फिलिप संग्रहालयात आहे. न खपलेलं मशीन कोणी भंगारात काढलं नाही, म्हणून हा इतिहास घडला.

मामा : असं सांगितलंस की समजतं. पण एक कोटी फ्रँक समजत नाही. त्याहून मोठेही भाव आहेत म्हणे.

भाची : २०१९ मध्ये पाटेकचं पोलादी ग्रँडमास्टर चाइम तीन कोटी दहा लाख फ्रँकला गेलं. त्यातही पर्पेच्युअल कॅलेंडर आहे. पण तो ओन्ली वॉच हा धर्मादाय लिलाव होता. डुशेन नावाचा स्नायूंचा आजार मुलांना होतो, त्याच्या संशोधनाला ते पैसे जातात.

मामा : चांगलं काम. पण ती देणगी झाली, तिला घड्याळाची किंमत म्हणू नये. खरा प्रश्न असा, की एवढं महाग घड्याळ घेतल्यावर ते कोणी घालतं का? ते जातं बँकेच्या लॉकरमध्ये. पडून राहिलं की तेल वाळतं. मग दहा वर्षांनी कोणी हौसेने चावी देतो आणि कोरड्या पिव्हटवर चाकं फिरायला लागतात. वापरात असलेलं घड्याळ झिजतं हे खरं, पण वापरणाऱ्याला बिघाड कळतो. लॉकरमधल्या घड्याळाचा बिघाड कोणालाच कळत नाही.

भाची : मग भाव नसता तर काय झालं असतं, तेही बघ. सोनं महागलं तेव्हा जुन्या सोन्याच्या केसेस वितळवल्या गेल्या. मशीन डब्यात, केस सराफाकडे.

मामा : आमच्याकडेही आणायचे. "केस काढून द्या, मशीन तुम्हीच ठेवा" म्हणायचे. मशीन फेकवत नसे आणि विकलंही जात नसे.

भाची : बघ ना. भावाने हव्यास आणला, तशी जपणूकही आणली. आज कोणीही १५१८ ची केस वितळवणार नाही. पाटेक तर १८३९ पासूनच्या आपल्या प्रत्येक घड्याळाची दुरुस्ती करायची हमी देते. ही हमी परवडते, कारण घड्याळाला मोल आहे.

मामा : मोठ्या कंपनीला परवडते. पण बऱ्याच कंपन्या बाहेरच्या घड्याळजीला सुटे भागच देत नाहीत. दार बंद ठेवलं तर नवा माणूस शिकणार कुठे? जनता उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून माझ्यासारखे शिकले. तुझ्या घड्याळाला कोणी पोराला हात लावू देईल?

भाची : नाही देणार. आणि द्यावा असंही मी म्हणणार नाही, शिकलेला असल्याशिवाय. पण तू ज्याला दुरुस्ती म्हणतोस, त्याबद्दलही मला बोलायचंय. तू डायल रंगवून घ्यायचास?

मामा : घ्यायचो. पिवळी पडलेली, डाग पडलेली डायल मुंबईला पाठवायची, कोरी करकरीत होऊन यायची. केस पॉलिश करून द्यायची. गिऱ्हाईक खूश.

भाची : आज जमवणारे अशा घड्याळापासून चार हात लांब राहतात. पाटेकच्या त्या काळच्या डायल घे. त्यांच्यावरची अक्षरं नुसती छापलेली नसायची. धातूत कोरून त्यात मिना भरायचा, मग भट्टीत भाजायचं आणि घासून घ्यायचं. अशी डायल भिंगाखाली तिरपी धरली की अक्षराला किंचित उठाव दिसतो. कोणी जोरात साफ केली की तो उठाव जातो, आणखी घासली की बारीक रेघा तुटतात, आणि पुन्हा रंगवली की मूळ हात कायमचा गेला. केसचंही तसंच. लगची धार आणि मागचा छाप पॉलिशने गोल झाला की परत येत नाही. डाग राहू दे, पण मूळ राहू दे, हा जमवणाऱ्यांचा नियम आहे, आणि तो मला पटतो.

मामा : गिऱ्हाइकाला मुलाच्या लग्नात नवं दिसणारं घड्याळ घालायचं असायचं. मी त्याचं काम केलं. त्याचं मला काही वाटत नाही.

भाची : वाटू नयेच. ते घालायचं घड्याळ होतं. पण ज्या घड्याळातून पुढच्या माणसाला शिकायचंय, ते पुराव्यासारखं जपावं लागतं. मशीन स्वच्छ करावं, तेल घालावं, झिजलेला भाग बदलला तर जुना पाकिटात ठेवावा, आणि कोणी, कधी, काय केलं ते लिहून ठेवावं. डायलला हात लावू नये.

मामा : जुना भाग पाकिटात ठेवावा, हे पटलं. नोंद ठेवावी, हेही पटलं. आम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक खूण करायचो, पुढच्या घड्याळजीला कळावं म्हणून. आता एक मनातला प्रश्न. हे सगळं एका कॅलेंडरसाठी. आपलं पंचांग चाकांवर चालेल?

भाची : दुसरी कॅलेंडरं चाकांवर आली आहेत. २०२० मध्ये पार्मिजियानीने हिजरी कॅलेंडरचं मनगटी घड्याळ केलं. त्यात ३० वर्षांचं चक्र आणि त्यातली ११ वर्षं ३५५ दिवसांची, म्हणजे हिशेब ठरलेला. २०२४ मध्ये व्हाशरॉ कॉन्स्टंटिनने चिनी पर्पेच्युअल कॅलेंडर असलेलं खिशातलं घड्याळ दाखवलं, चांद्र-सौर असल्याने ते फारच अवघड. आपल्या पंचांगात अधिक महिना आहेच, शिवाय तिथीची लांबी रोज बदलते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी. चंद्र कधी वेगाने जातो, कधी सावकाश, म्हणून एखादी तिथी १९-२० तासांत संपते, एखादी २६ तास चालते. साध्या मूनफेजला ५९ दात्यांचं चाक असतं, दोन चांद्रमासांना ५९ दिवस धरून. त्यात अडीच-पावणेतीन वर्षांत एका दिवसाची चूक पडते. १३५ दात्यांचं चाक घेतलं तर एका दिवसाची चूक पडायला १२२ वर्षं लागतात. पण हे सरासरी चंद्राचं झालं. पंचांगाला खरा चंद्र लागतो.

मामा : म्हणजे खाचा कापून भागायचं नाही. रोजचा वेग मोजणारं काहीतरी लागेल. असं कोणी करायला घेतलं तर मी बघायला येईन, आणि ते कोटीला विकलं तरी कुरकुर करणार नाही. कारण ते पैसे विचाराचे असतील. पोलाद की सोनं, चार की चाळीस, यासाठी मोजलेल्या पैशात मला विचार दिसत नाही.

भाची : आणि मी म्हणेन, विचार जपायचा असेल तर ती चार पोलादी घड्याळंही जपावी लागतील, भाव कशामुळे आला ते काहीही असो.

मामा : जप. पण चावी देऊन जप. आणि तुमच्यासारख्यांनी एक करावं. दहा घड्याळं घेताना एक कमी घ्या आणि तो पैसा एखाद्या पोराला हे काम शिकवायला द्या.

भाची : न्युशातेलला वोस्टेप नावाची शाळा १९६६ पासून घड्याळजी तयार करते. तसंच, युनेस्कोने २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवरच्या जुरा पट्ट्यातली यांत्रिक घड्याळांची कारागिरी घेतली. नोंद कौशल्याची झाली आहे, कुठल्या एका घड्याळाची नाही.

मामा : मग युनेस्को आणि साताऱ्याचा घड्याळजी यांचं एकमत आहे म्हणायचं.

इथे दोघांचं बोलणं थांबलं, वाद मिटला असं नाही. मला दोघांचंही अर्धं-अर्धं पटतं आणि त्यातून माझा निकाल असा. गुंतागुंतीचं कॅलेंडर घड्याळ जमवण्यासारखं आहे, कारण माणसाने आकाशाचा हिशेब पितळेत कसा कापला, हे त्यात हाताने धरता येतं. पण ते फक्त दुर्मीळ म्हणून घेणं आणि अंधारात कुलूप लावून ठेवणं ही जपणूक नव्हे. त्यात जपली जाते ती किंमत. कारागिरी जपायची तर घड्याळ चालतं ठेवावं लागतं, ठरल्या वेळी उघडावं लागतं, आणि उघडणारा माणूस पिढ्यानपिढ्या तयार करावा लागतो.

म्हणून असं घड्याळ घ्यायचं मनात असेल तर विकणाऱ्याला भाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे शेवटचं कोणी आणि कधी उघडलं? काय बदललं आणि काढलेला भाग कुठे आहे? आणि यापुढे हे कोण उघडू शकेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर घड्याळ कितीही दुर्मीळ असलं तरी घेऊ नका. उत्तर मिळालं तर घ्या, घाला, आणि त्या कारागिराच्या हाताखाली कोणी शिकतंय का, तेही बघा. १ मार्च २१०० ला सोमवार आहे. त्या सकाळी जगातली जवळजवळ सगळी पर्पेच्युअल कॅलेंडरं एका दिवसाने चुकलेली असतील आणि ती दुरुस्त करायला माणूस लागेल.